घरात सातबारा नसताना कृषी पदवी : बी.एस्सी. कृषीत नेमके काय शिकवतात?

बारावी विज्ञानाचा निकाल आणि एमएचटी-सीईटीचे पर्सेंटाइल हाती आले की ठाणे आणि नवी मुंबईतल्या घरांत दर वर्षी तीच यादी वाचली जाते : अभियांत्रिकी, फार्मसी आणि, जरा संकोचाने, कृषी. (९० पर्सेंटाइल म्हणजे ९० टक्के गुण नव्हेत. परीक्षेला बसलेल्या दर शंभरांपैकी सुमारे नव्वद जणांचे गुण आपल्याइतके किंवा आपल्यापेक्षा कमी आहेत, एवढाच त्याचा अर्थ असतो.) कळव्यात किंवा नेरुळला वाढलेल्या आणि भाताची खाचरे फार तर कर्जत लोकलच्या खिडकीतून पाहिलेल्या मुलाने किंवा मुलीने तिसरा पर्याय उच्चारला, की घरातून दोन प्रश्न हमखास येतात. आपल्याकडे जमीन नाही, मग उपयोग काय? आणि शेती करायला पदवी कशाला लागते?

हे दोन्ही प्रश्न असे धरून चालतात की या अभ्यासक्रमात शेती करायला शिकवतात. प्रत्यक्षात तो एक उपयोजित विज्ञानाचा अभ्यासक्रम आहे. शेताविषयी तपासून निर्णय देणारा माणूस तयार करणे हा त्याचा हेतू असतो, आणि तो निर्णय बहुतेक वेळा दुसऱ्याच्या शेतासाठी असतो. पदवीधर पुढे स्वतः शेती करतो की नाही, हा वेगळा प्रश्न आहे. ही गोष्ट ध्यानात आली म्हणजे अभ्यासक्रमातील विषयांची विचित्र वाटणारी सरमिसळही उलगडू लागते.

जमीन नसेल तर प्रवेश मिळतो का?

मिळतो. बारावीला विज्ञान शाखा असावी लागते आणि भौतिकशास्त्र व रसायनशास्त्राच्या जोडीला जीवशास्त्र किंवा गणित चालते. ज्यांनी जीवशास्त्र घेतलेले नसते त्यांना सुरुवातीला प्राथमिक जीवशास्त्राचा आणि ज्यांनी गणित घेतलेले नसते त्यांना प्राथमिक गणिताचा पूरक विषय शिकावा लागतो. राज्यात राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली येथे चार कृषी विद्यापीठे आहेत. त्यांपैकी कोकणासाठीचे, म्हणजे ठाणे, पालघर व रायगडसाठीचेही, विद्यापीठ दापोलीचे डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ हे होय. या विद्यापीठांची स्वतःची महाविद्यालये आहेत आणि त्यांना संलग्न असलेली खासगी, विनाअनुदानित महाविद्यालये संख्येने त्याहून बरीच अधिक आहेत. सरकारी कृषी महाविद्यालयांतील ठरावीक जागा भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या देशपातळीवरील प्रवेशातून भरल्या जातात आणि त्यासाठी सीयूईटी ही देशपातळीवरील सामाईक प्रवेश परीक्षा द्यावी लागते.

सातबारा ही प्रवेशाची अट नाही. मात्र शेतकरी कुटुंबातील विद्यार्थ्यांना गुणवत्ता यादीत काही अधिभार, म्हणजे वाढीव गुण, देण्याची पद्धत महाराष्ट्रात राहिलेली आहे, त्यामुळे समान गुण असूनही शहरी विद्यार्थी यादीत खाली दिसू शकतो. अधिभाराचे नेमके नियम त्या त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेतच पाहावेत. शेजारच्या इमारतीतल्या मुलाला तीन वर्षांपूर्वी काय मिळाले, यावर हिशेब बांधू नये.

चार वर्षे आणि एक आंबा

पदवीची चार वर्षे म्हणजे आठ सत्रे. विषयपत्रिका पाहिली तर पहिल्या नजरेत तिला काही सूत्र दिसत नाही : कृषिविद्या, मृदाशास्त्र, उद्यानविद्या, कीटकशास्त्र, वनस्पती रोगशास्त्र, आनुवंशशास्त्र व वनस्पती पैदासशास्त्र, पशुसंवर्धन व दुग्धशास्त्र, कृषी अभियांत्रिकी, कृषी अर्थशास्त्र, विस्तार शिक्षण आणि सांख्यिकी. हे सारे एकाच पदवीत का, याचे उत्तर वाशीच्या फळबाजारात एप्रिल-मे महिन्यांत पेट्या उघडताना मिळते.

हापूस बाहेरून निर्दोष दिसतो, पण कापल्यावर काही फळांत कोयीभोवती फिकट, स्पंजासारखा, आंबट भाग निघतो. त्याला साका म्हणतात. बाहेरून तो ओळखता येत नाही, म्हणून ग्राहक, व्यापारी आणि बागायतदार तिघेही त्यावरून एकमेकांशी भांडतात. या दोषावर पैदासशास्त्राने जे उत्तर शोधले ते असे, की नीलम आणि हापूस यांच्या संकरातून वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात ‘रत्ना’ ही जात तयार झाली आणि ती १९८१ मध्ये प्रसारित करण्यात आली. रत्नामध्ये साका नाही. तरीही वाशीच्या बाजारात आजही भाव हापूसच्या नावालाच मिळतो. चांगली जात तयार झाली म्हणजे ती लोक लावतीलच असे नाही, कारण कलम मोठे होऊन पुरेसे उत्पन्न देऊ लागेपर्यंत वर्षे जातात आणि तोवर बागायतदाराला नाव नसलेल्या फळाच्या भावाचा धोका पत्करावा लागतो. हा अर्थशास्त्राचा भाग झाला.

त्याच झाडावर मोहोराच्या वेळी तुडतुडे येतात, तो कीटकशास्त्राचा विषय आहे. भुरी आणि करपा हे वनस्पती रोगशास्त्राचे विषय होत. हापूस एक वर्ष भरपूर आणि पुढच्या वर्षी कमी फळतो. तो नियमित फळावा म्हणून पॅक्लोब्युट्राझोल हे वाढनियंत्रक पावसाळ्यात झाडाच्या बुंध्याशी, ठरलेल्या मात्रेने देतात, ते उद्यानविद्येत येते. आणि हे सगळे बागायतदाराला पटेल अशा रीतीने सांगायचे कसे, हे विस्तार शिक्षणात. तुडतुडे, भुरी आणि बाजारभाव बागेत वेगवेगळ्या दिवशी येत नाहीत, म्हणूनच पदवीत प्रत्येक शास्त्र थोडे थोडे शिकावे लागते. त्याची किंमतही मोजावी लागते. चौथ्या वर्षाच्या शेवटी विद्यार्थी कोणत्याच एका शास्त्राचा तज्ज्ञ झालेला नसतो. ते काम पदव्युत्तर शिक्षणाचे.

शेतातील प्रयोग म्हणजे काय?

माझ्या मते या पदवीचा सर्वांत मोलाचा आणि सर्वांत दुर्लक्षित भाग सांख्यिकीचा आहे. विद्यार्थी तो पाठ करून उत्तीर्ण होतात आणि पालकांना तो शेतीशी असंबद्ध वाटतो, म्हणून त्यावर जरा थांबू.

एका खाचरात नवे खत टाकले आणि तिथे शेजारच्या खाचरापेक्षा जास्त भात आला. तो खतामुळे आला, असे म्हणता येईल का? ठाण्यातल्या पालकांना याचे उत्तर आधीच माहीत आहे, फक्त ते दुसऱ्या संदर्भात. एखादा क्लास आधी चाचणी घेऊन हुशार मुले निवडून घेतो आणि नंतर त्यांचे निकाल फलकावर लावतो, तेव्हा ते यश शिकवण्याचे की निवडीचे, हे त्या फलकावरून कळू शकत नाही. खाचरांचेही तसेच आहे. उतारावरच्या खालच्या खाचरात पाणी अधिक वेळ टिकते, वरून वाहून आलेला गाळ साचतो आणि खताशिवायही तिथे पीक चांगलेच येते. नवे खत नेमके त्याच खाचरात पडले असेल तर खताला फुकटचे श्रेय मिळते.

यावरचा उपाय इंग्लंडमधील रोथॅमस्टेड या शेती संशोधन केंद्रात १९१९ साली रुजू झालेल्या रोनाल्ड फिशर या संख्याशास्त्रज्ञाने पक्का केला. जमिनीचे असे पट्टे पाडायचे की एका पट्ट्यातील जमीन शक्य तितकी सारखी असेल. प्रत्येक पट्ट्यात सर्व पर्याय बसवायचे, म्हणजे जुने खत, नवे खत आणि बिनखताचा तुकडाही. पट्ट्याच्या आत कोणता पर्याय कोणत्या तुकड्यात जाईल हे चिठ्ठ्या टाकून ठरवायचे. आणि असे अनेक पट्टे घ्यायचे. चिठ्ठ्यांमुळे प्रयोग करणाऱ्याची आवडनिवड बाजूला राहते. पट्ट्यांमुळे उताराचा परिणाम वेगळा काढता येतो आणि पुनरावृत्तीमुळे दिसलेला फरक खरा की योगायोगाचा, याचे गणित मांडता येते. कृषी महाविद्यालयाच्या प्रक्षेत्रावर, म्हणजे महाविद्यालयाच्या स्वतःच्या शेतावर, विद्यार्थी टेप लावून हे तुकडे आखतात, फुटवे, म्हणजे रोपाच्या बुडातून फुटलेल्या फांद्या, मोजतात, कापणीनंतर प्रत्येक तुकड्याचे धान्य वेगळे तोलतात. जुलैच्या पावसात गुडघाभर चिखलात उभे राहून फुटवे मोजणे हे रम्य काम नाही, आणि एकच ओळ दोनदा मोजली गेली की सगळे आकडे बिघडतात.

एका ठिकाणचा निष्कर्ष दुसरीकडे लागू पडेलच असेही नाही. कर्जतच्या भात संशोधन केंद्राची शिफारस गोड्या पाण्याच्या खाचराला लागू होईल, पण तिथून काही तासांवरच्या खाडीकाठी जमिनीत समुद्राच्या भरतीचे क्षार शिरलेले असतात. अशा खारजमिनीत पाणी उभे असूनही मुळांना ते सहज ओढून घेता येत नाही, कारण बाहेरच्या पाण्यातील क्षार त्याला धरून ठेवतात. दापोली विद्यापीठाचे खारजमीन संशोधन केंद्र याच कामासाठी पनवेलला, म्हणजे नवी मुंबईच्या उंबरठ्यावर आहे आणि क्षार सोसणाऱ्या ‘पनवेल’ मालिकेतील भाताच्या जाती तिथल्याच आहेत. वेगवेगळ्या हंगामांतील आणि ठिकाणच्या चाचण्यांनंतर चारही विद्यापीठांच्या संयुक्त बैठकीत, जिला या क्षेत्रातील लोक जॉइंट ॲग्रेस्को म्हणतात, नव्या जाती आणि शिफारशी मंजूर होतात. त्यानंतर त्या शेतकऱ्यापर्यंत जातात.

एका गोणीचे गणित

खताची शिफारस कागदावर ‘हेक्टरी १०० किलो नत्र’, म्हणजे नायट्रोजन, अशी असते. शेतकरी विचारतो ते वेगळेच : माझ्या २० गुंठ्यांना किती गोण्या? मधले गणित पदवीधराला उभ्या उभ्या करता आले पाहिजे. युरियात ४६ टक्के नत्र असते, म्हणून १०० किलो नत्रासाठी सुमारे २१७ किलो युरिया लागतो. हेक्टर म्हणजे जवळपास अडीच एकर, तेव्हा एकरी सुमारे ८८ किलो. एकरात ४० गुंठे असतात, म्हणून २० गुंठ्यांना सुमारे ४४ किलो, आणि युरियाची गोणी आता ४५ किलोची येते. म्हणजे एक गोणी.

पण ती एकदम टाकायची नसते. पाणी साचलेल्या खाचरात वरून फेकलेल्या युरियातील नत्राचा मोठा भाग अमोनिया होऊन हवेत जातो किंवा पाण्याबरोबर वाहून जातो, म्हणून मात्रा हप्त्यांत विभागतात. कोकणात यावर आणखी एक मार्ग रुजला आहे. युरिया आणि डीएपी हे नत्र-स्फुरदयुक्त खत एकत्र दाबून केलेली सुमारे २.७ ग्रॅमची गोळी, जिला ब्रिकेट म्हणतात, लावणीनंतर चार चुडांच्या, म्हणजे एकत्र लावलेल्या रोपांच्या जुड्यांच्या, मधोमध ७ ते १० सेंटिमीटर खोल खोचली जाते. चिखलात गाडलेले नत्र सावकाश सुटते आणि वाया कमी जाते. अडचण मजुरीची आहे. गोळी हाताने खोचायची, तीही ओळीत नेमक्या अंतरावर लावलेल्या भातातच, आणि लावणीच्या दिवसांत शहापूर-मुरबाडला माणसे मिळणे हेच मोठे काम असते. म्हणून शास्त्रीयदृष्ट्या सरस असलेली पद्धतही प्रत्येक खाचरात दिसत नाही.

गावातले सत्र

साधारणतः सातव्या सत्रात ‘रावे’ येते, म्हणजे ग्रामीण कृषी कार्यानुभव. विद्यार्थ्यांचे गट गावांशी जोडले जातात आणि काही आठवडे तिथे काम करतात. स्थानिक वृत्तपत्रांत ‘कृषिदूत’ आणि ‘कृषिकन्या’ या नावांनी त्यांची छायाचित्रे येतात : अंगणात रांगोळीने काढलेला गावाचा नकाशा, बीजप्रक्रियेचे प्रात्यक्षिक, बोर्डो मिश्रण तयार करण्याचे प्रात्यक्षिक. (एक टक्का बोर्डो मिश्रण म्हणजे १०० लिटर पाण्यात एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना, दोन्ही वेगवेगळे विरघळवून मग एकत्र करायचे आणि धातूचे भांडे टाळायचे.) काही महाविद्यालयांत हे सत्र छायाचित्रापुरतेच उरते, हे मान्य केले पाहिजे. जिथे ते नीट होते तिथे मात्र शहरी विद्यार्थ्याला चार वर्षांत सर्वांत जास्त शिकवणारे तेच असते. शेतकऱ्याची सवड कामे उरकल्यावरची असते, तो पहिल्या भेटीत खरे उत्पन्न सांगत नाही, आणि घरातील बाई लावणी, बेणणी, बियाणे राखणे हे सगळे करत असूनही चर्चेला ओसरीवर पुरुषच बसतात, हे कोणत्याही वर्गात कळत नाही.

‘पिढ्यान् पिढ्या शेती करणाऱ्याला विशीतला पोरगा काय सांगणार?’

हा आक्षेप रास्त आहे. चांगले प्राध्यापक तो विद्यार्थ्यांसमोर स्वतःच मांडतात. कोकणातील राब घ्या. भाताची रोपवाटिका करण्याआधी त्या जागेवर पालापाचोळा, फांद्या, शेण पसरून जाळण्याची ही रीत बाहेरच्याला निव्वळ नासाडी वाटते. पण त्यामागे कारण आहे : उष्णतेने तणांचे बी आणि जमिनीतील काही किडी मरतात आणि रोपांना राखेतील अन्नद्रव्ये मिळतात. ज्याला हे माहीत नाही त्याने ‘राब भाजू नका’ म्हटले तर शेतकरी हसून सोडून देतो, आणि त्यात शेतकऱ्याची चूक नसते.

पदवीधराचे काम पुढचे आहे. राबामुळे मिळणारा फायदा दुसऱ्या मार्गाने मिळतो का? गादीवाफ्यावर रोपे केली, बियाणे मिठाच्या पाण्यात टाकून पोकळ दाणे वेगळे काढले, तण वेळीच काढले, तर रोपे तितकीच सशक्त येतात का, आणि वाचलेला पालापाचोळा खतात गेला तर जमिनीला काय मिळते? तणनियंत्रणाची मजुरी वाढत असेल तर ती कोण देणार? हे प्रश्न तपासता येतात आणि त्यांची उत्तरे कधी शेतकऱ्याच्या बाजूची निघतात, कधी विद्यापीठाच्या. अनुभवी शेतकऱ्याला त्याचे शेत कोणत्याही पदवीधरापेक्षा चांगले ठाऊक असते. मात्र त्याच हंगामात तेच शेत वेगळ्या पद्धतीने केले असते तर काय झाले असते, हे एकट्याच्या अनुभवातून त्यालाही कळू शकत नाही. तुलनात्मक प्रयोगाची गरज तिथे लागते.

नोकरीचे काय?

सरकारी वाट सर्वांना ठाऊक आहे : महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या कृषी सेवा परीक्षेतून कृषी अधिकारी, आणि गावपातळीवर सहायक कृषी अधिकाऱ्याचे (पूर्वीच्या कृषी सहाय्यकाचे) पद. राष्ट्रीयीकृत बँकांत आयबीपीएस या बँक भरती संस्थेच्या परीक्षेतून कृषी क्षेत्र अधिकारी नेमले जातात. नाबार्ड या कृषी व ग्रामीण विकास बँकेची भरती आहे. भारतीय वन सेवेच्या परीक्षेलाही ही पदवी चालते. खरी अडचण अशी, की जागा थोड्या आणि पदवीधर फार. अनेक जण पदवीनंतरची काही वर्षे अभ्यासिकेत घालवतात आणि तोवर कीटकशास्त्र विसरून जातात. पदवी घ्यायची ती केवळ स्पर्धा परीक्षेसाठी, असा निश्चय आधीच झाला असेल तर त्यासाठी चिखलात उतरण्याची गरज नाही. कोणतीही पदवी चालणाऱ्या परीक्षा पुष्कळ आहेत.

खासगी क्षेत्रात पहिली नोकरी बहुधा बियाणे, खते किंवा कीटकनाशकांच्या विक्रीची असते. दुचाकी, दोन-तीन तालुके आणि महिन्याचे विक्रीचे लक्ष्य. ज्यांना बोलणे आणि फिरणे आवडते ते त्यात रमतात. पण तिथे सल्ला आणि विक्री एकाच तोंडून द्यावी लागते आणि दोन्हींचा मेळ नेहमी बसत नाही, याची कल्पना असलेली बरी. स्वतःचे कृषी सल्ला व सेवा केंद्र काढू इच्छिणाऱ्यांसाठी केंद्र सरकारची ॲग्री-क्लिनिक योजना २००२ पासून आहे. तीत प्रशिक्षण आणि बँक कर्जाशी जोडलेले अनुदान मिळते.

नवी मुंबईत राहणाऱ्यांनी आणखी एक वाट पाहावी, कारण ती घराजवळून जाते. वाशीला राज्य कृषी पणन मंडळाचे विकिरण केंद्र आहे. अमेरिकेला जाणाऱ्या आंब्यावर ४०० ग्रे इतकी विकिरण प्रक्रिया बंधनकारक आहे. ग्रे हे शोषलेल्या विकिरणाचे एकक. या मात्रेने कोयीतील भुंग्यासारख्या किडींची पुढची पिढी तयार होऊ शकत नाही; आंबा किरणोत्सारी होत नाही, ही शंका वारंवार विचारली जाते म्हणून सांगितले. जपानला आंबा पाठवायचा तर उष्ण बाष्पाची प्रक्रिया लागते. पॅकहाउसमधील प्रतवारी, कीटकनाशकांच्या उर्वरित अंशाची तपासणी, शीतगृहाचे व्यवस्थापन, निर्यातीची कागदपत्रे, यांत कीटकशास्त्र आणि काढणीपश्चात तंत्रज्ञान जाणणारा माणूस लागतो. यातच विशेष शिक्षण घ्यायचे असेल तर दापोली विद्यापीठाची काढणीपश्चात व्यवस्थापनाची संस्था रायगड जिल्ह्यात किल्ला-रोहा येथे आहे.

पदवी मिळाली की शेतजमीन घेता येते का?

हा गैरसमज शहरात फार पसरलेला आहे. उत्तर : नाही. महाराष्ट्र कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९४८ मधील कलम ६३ नुसार शेतकरी नसलेल्या व्यक्तीला परवानगीशिवाय शेतजमीन हस्तांतरित करता येत नाही, आणि कायद्याच्या दृष्टीने शेतकरी असणे हे जमीन कसण्याशी जोडलेले आहे, शिक्षणाशी नाही. म्हणजे मृदाशास्त्रात पहिला आलेला पदवीधर मुरबाडला परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेऊ शकत नाही, आणि व्यवहारात वारसाने सातबाऱ्यावर नाव लागलेला पण शेतात कधी न गेलेला त्याचा शेजारी ती घेऊ शकतो. ही तफावत खटकणारी आहे, पण आजचा कायदा असा आहे. भाडेपट्ट्याने जमीन घेण्याचेही स्वतंत्र नियम आहेत. व्यवहारापूर्वी जाणकार वकिलाला विचारावे.

महाविद्यालय निवडताना

पहिली गोष्ट संलग्नतेची. महाविद्यालय राज्यातील कृषी विद्यापीठाशी संलग्न आहे का आणि त्याला भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे अधिस्वीकरण, म्हणजे दर्जाची मान्यता, आहे का, हे लेखी पाहावे, कारण पुढच्या काही प्रवेशांना आणि शिष्यवृत्त्यांना ते लागते. दुसरी प्रक्षेत्राची. इमारत आणि वसतिगृह सगळे दाखवतात. आपण प्रक्षेत्र किती एकर आहे, पाण्याची सोय कोणती, विद्यार्थ्यांना प्रत्येकी पिकाचा तुकडा दिला जातो का, माती परीक्षणाची प्रयोगशाळा चालू आहे की कुलूपबंद, हे विचारावे. प्रवेशाच्या फेऱ्या पावसाळ्यातच चालत असल्यामुळे महाविद्यालय पाहायला जाण्याची वेळ आपोआप योग्य येते. प्रक्षेत्रावर लावणी चालू असेल तर तिथे विद्यार्थी दिसतात की फक्त मजूर, हे पाहून घ्यावे.

आणि प्रवेश घेतल्यावर हे आपले क्षेत्र नव्हे असे वाटले तर? २०२४-२५ पासून लागू होऊ लागलेल्या नव्या अभ्यासक्रमात, म्हणजे भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या सहाव्या अधिष्ठाता समितीच्या शिफारशींनुसार, पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र आणि दुसऱ्या वर्षानंतर पदविका घेऊन बाहेर पडण्याची सोय आहे, मात्र त्यासाठी ठरलेली आंतरवासिता (इंटर्नशिप) पूर्ण करावी लागते. ही आंतरवासिता महाविद्यालय स्वतः मिळवून देते की विद्यार्थ्याने शोधायची, हा प्रश्न प्रवेशाच्या वेळीच विचारून ठेवावा.